घरच्यांना पापड नाही

पापड भाजल्याचा वास आला की आजही मी दचकून दाराकडे बघते. लग्नाची पंगत असो, हॉटेल असो, स्वतःचं स्वयंपाकघर असो. माझी सून हसते. म्हणते, आई, पापडाला कोण घाबरतं हो? तिला सगळं सांगायचं म्हणजे दुपार जाईल, म्हणून मी विषय बदलते आणि खिडकी उघडते. पण आता लिहायलाच बसले आहे तर सांगून टाकते. आमच्या गल्लीत त्या वासाचा अर्थ एकच होता, की मोहिनी मौसीकडे कोणीतरी बाहेरचं आलंय. आणि मौसीकडे बाहेरचं म्हणजे बहुतेक वेळा पोलीस.

जरीपटक्याचा बाजार संपतो तिथून मागे रुळांकडे उतरणारी आमची गल्ली. पंधरा-वीस टिनाची घरं, सगळी आम्हा बौद्धांची, एक सोडून. ते एक घर मौसीचं, आमच्या भिंतीला भिंत लागून. मौसी, तिचा नवरा हरिकाका आणि माझ्याच वयाची त्यांची कविता, असे तिघं सक्खरहून आलेले सिंधी. सक्खर पाकिस्तानात आहे हे मला बरेच दिवस ठाऊक नव्हतं. मला वाटायचं सावनेरच्या पुढे कुठंतरी असेल. बाजारातले मोठे सिंधी दुकानदार फाळणीच्या वेळचे, त्यांच्या आता माड्या झालेल्या. मौसीचं कुटुंब फार उशिरा आलं, व्हिसावर, आणि परत गेलंच नाही. हरिकाका एका कापड दुकानात ठाण उलगडायचं काम करायचा, आणि दर काही महिन्यांनी एक निळी फाइल काखेत मारून मुदत वाढवायला कचेरीत जायचा. त्या दिवशी मौसीच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. मधूनमधून चौकशीला माणसं येत. जीपचा आवाज, मग दारावर काठी, मग पापडाचा वास. घरात येईल त्याच्यापुढं आधी पाणी आणि भाजलेला पापड ठेवायचा ही त्यांच्यातली रीत. आलेला माणूस व्याही असो की हवालदार, पापड ठेवल्याशिवाय मौसी तोंड उघडत नसे. भिंतीपलीकडून तो वास आला की माय लाटणं थांबवून कान देई, आणि मी तिच्याकडे बघत बसे.

माय आणि मौसी दोघी एकाच दुकानासाठी पापड लाटत. सकाळी दुकानातून उडदाचं पीठ यायचं, दिवसभर दोघींची लाटणी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी चालत, आणि मला आवाजावरून कळायचं की आज कोण पुढं आहे. माय वऱ्हाडीत बोले, मौसी हिंदीत, आणि दोघींचं कधी अडलं नाही. सुरुवातीला माय त्यांच्याकडे गेली की तिलाही पापड मिळायचा. मग एकदा कविता तापानं फणफणली आणि हरिकाका नेमका कचेरीत अडकला होता. माय तीन दिवस तिच्या उशाशी बसली, स्वतःची पापडाची मजुरी बुडवून. त्यानंतर माय गेली तर मौसीनं पापड काही आणला नाही. मायनं थट्टा केली, "काहून वं, आज पापड नाही का मले?" तर मौसी डोळे वटारून म्हणाली, "तू क्या मेहमान है? चल, लोइयाँ काट," आणि लाट्या कापायला पीठ तिच्यापुढं सरकवलं. माय घरी येऊन बाबांना ही गोष्ट इतक्यांदा सांगत होती की शेवटी ते म्हणाले, "बस झालं आता, समजलं." मला मात्र पापड बंद झाल्याचं वाईट वाटलं. खाण्याच्या बाबतीत मी तेव्हाही हावरट होते.

आमच्या घरात भीती होती ती सुजीची. सुजाता, माझी धाकटी बहीण. तिला सिकल होता. आमच्याकडे बऱ्याच घरांत असतो, रक्ताचा आजार. हाडं अशी दुखतात की मूल ओरडायचंही विसरतं, नुसतं भिंतीकडे तोंड करून कण्हत राहतं. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, की दुखणं उभं राहायचं. बाबा आरामशीनवर लाकडं चिरायला जात, ते संध्याकाळी येईपर्यंत माय आणि मी दोघीच तिला धरून. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मायला सांगितलं होतं की गरिबीच्या यादीत नाव लागलं तर रक्ताची पिशवी आणि औषधं फुकट मिळतील. नाहीतर प्रत्येक वेळी पिशवीसाठी असेच दारोदार फिराल. माय त्या दिवसापासून 'यादी' हा शब्द असा उच्चारायची, की मला वाटायचं ती कुठंतरी राहणारी एक बाईच आहे आणि तिला कसंही करून खूश करायचंय.

मे महिना होता, शाळेला सुट्ट्या लागलेल्या. नगरसेवकाचा माणूस दुपारी गल्लीत येऊन सांगून गेला, "उद्या सर्व्हेवाले येऊन राहिले. टीव्ही, पंखा, कूलर, गॅस, एकबी दिसला का नाव कटलंच समजा." झालं, गल्लीत एकच धांदल उडाली. पाहुण्यांसाठी घर सजवताना मी बायकांना पाहिलं होतं, घर गरीब करताना पहिल्यांदा पाहत होते. कोणी स्टीलची भांडी पोत्यात भरली, कोणी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. समोरच्या आबाजींनी तर स्वतःचा चष्माही लपवला आणि मग दिवसभर ठेचकाळत फिरले. आमच्याकडे लपवण्यासारख्या दोनच वस्तू. छताला टांगलेला पंखा, आणि बाजारातल्या शेटजींनी रंगीत टीव्ही घेतल्यावर बाबांना स्वस्तात दिलेला काळा-पांढरा टीव्ही. त्याच्या लाकडी खोक्यावर मी आणि कवितानं मोराचं एक स्टिकर चिकटवलेलं होतं.

पण ठेवायचं कुठं? नातेवाईक सगळे आसपासच्याच वस्त्यांत, त्यांचीही घरं मोजली जाणार. तेव्हा आबाजीच म्हणाले, "मोहिनीच्या घरी ठेवा ना. ते घर मोजतच नाहीत. त्याइचं नाव ना मतदार यादीत, ना राशनमधी." सगळ्यांना एकदम पटलं. मलाही ही युक्ती फार हुशारीची वाटली. आज वाटतं, एका दिवसापुरता का होईना, जे घर सरकारच्या हिशेबी नव्हतंच त्याचा आम्हाला किती उपयोग झाला. पेपरात कधीमधी तक्ते येतात, कुठल्या जातीत किती टक्के गरीब, कुठल्या धर्मात किती, कुठं घटले आणि कुठं वाढले. मी चष्मा लावून ते सगळे वाचते आणि त्यात मौसीचा रकाना शोधते. तेच पीठ, तेच लाटणं, तीच मजुरी, तेच टिन डोक्यावर. आम्ही निदान गरीब म्हणून मोजले तरी जात होतो. त्यासाठीही आधी देशाचं असावं लागतं, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

हरिकाका तयार नव्हता. दारात उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "भाभी, हमारे यहाँ चेकिंग आती है. आपको मालूम है." माय म्हणाली, "एका दिवसाची गोष्ट आहे ना भाऊ. सुजीसाठी करून राहिली मी, माह्यासाठी नाही." हरिकाकानं मौसीकडे पाहिलं. मौसीनं सुजीकडे पाहिलं, ती माझ्या कडेवर होती, आणि म्हणाली, "ले आओ." आमचं गेल्यावर मग सगळ्या गल्लीचं गेलं. संध्याकाळपर्यंत मौसीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पाच पंखे, तीन टीव्ही, एक कूलर, दोन गॅसच्या शेगड्या. कविता आणि मी तिन्ही टीव्ही ओळीनं मांडून त्यांच्यापुढं बसलो, जणू आम्हीच शेटजी. हरिकाका तेवढा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की टिनाखाली श्वास घ्यायला जड जात होता. पंखा नव्हता. मी पुठ्ठ्यानं सुजीला वारा घालत होते, पण दहा वाजेपर्यंत तिचं दुखणं उभं राहिलंच. तिनं पाय पोटाशी घेतले आणि भिंतीकडे वळली. माय म्हणाली, "आणू का वं पंखा?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको. येतीलच आता ते." ती दारापर्यंत गेली आणि परत आली. मायला घाबरलेली पाहणं ही मला सुजीच्या कण्हण्याहून मोठी शिक्षा होती.

मास्तर अकराच्या सुमाराला आले. सर्व्हेवाला म्हणजे महापालिकेच्या शाळेतला एक मास्तर, घामानं भिजलेला, हातात फॉर्मांचा गठ्ठा. खुर्ची घरात नव्हतीच, म्हणून मायनं त्यांना पाट दिला. ते दारातच टेकले. "टीव्ही?" "नाही जी." "पंखा?" "नाही जी." मास्तरांनी वर पाहिलं. छताच्या बल्लीला पंख्याचा हूक होता आणि त्यातून वायरीची दोन टोकं लोंबत होती. मी पुठ्ठा हलवायचं थांबले. मास्तरांनी मान खाली घातली आणि सुजीकडे पाहिलं. "हिले काय झालं?" "सिकल आहे जी." त्यांनी फॉर्मवर 'पंखा नाही' लिहिलं, आणि मला आठवलं की छतावर अँटेना तसाच उभा आहे. गल्लीतल्या कोणालाच अँटेना उतरवायचं सुचलं नव्हतं. मास्तर बाहेर जाऊन वर बघतील, सगळं खोटं उघडं पडेल, यादी निघून जाईल, सुजी मरेल, आणि ते सगळं अँटेनामुळे, असं माझ्या मनात एका दमात येऊन गेलं. मी देवाधर्माच्या घरातली नव्हते, नाहीतर नवस बोलले असते.

आणि तेवढ्यात पापडाचा वास आला.

मायनं माझ्याकडे पाहिलं. जीपचा आवाज आम्हाला आलाच नव्हता. भिंतीपलीकडे आधी हरिकाकाचा हळू आवाज, मग एक परका, चढा आवाज, मग ताट खाली ठेवल्याचा खणखणाट. मास्तरही ऐकू लागले. थोड्याच वेळात साध्या कपड्यातला एक साहेब मौसीच्या घरातून बाहेर आला, मागं वर्दीतला हवालदार. साहेबानं गल्लीत उभं राहून सगळ्यांना बाहेर बोलावलं. बायका दारांत आल्या. माय मला घेऊन आमच्या उंबऱ्यावर उभी राहिली, तिचा हात माझ्या खांद्यावर. मास्तर पाटावरून उठले, पण पेन हातातच होतं.

"पाच पंखे, तीन टीव्ही, कूलर," साहेब म्हणाला. "कापडाच्या दुकानात काम करतो म्हणतो, आणि घरात इतका माल? व्हिसावर येऊन धंदा टाकला का यानं?" हरिकाका निळी फाइल छातीशी धरून उभा होता. मौसी त्याच्या मागं, हातात पापडाचं ताट, आणि ताटातला पापड ताटावर तडतड वाजत होता, इतके तिचे हात कापत होते. साहेबानं गल्लीवरून नजर फिरवली. "हा म्हणतो तुमचं सामान आहे. तुमच्यापैकी कोणाचं आहे का? असेल तर सांगा. मी आत्ता याला सोडतो, आपल्या रस्त्यानं जातो."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. कोणी 'माझं' म्हटलं की ते तिथंच फॉर्मवर लागणार. आबाजी जमिनीकडे बघत होते, चष्म्याशिवाय. गल्लीत एवढी माणसं, पण सुजीच्या कण्हण्याशिवाय आवाज नव्हता. मी त्या दिवसाआधी कितीदा घाबरले असेन, नंतरही घाबरले, बाळंतपणात घाबरले, नवरा गेला तेव्हा घाबरले. पण तशी भीती पुन्हा नाही आली. तोंड उघडलं तर बहीण जाणार होती, मिटलं तर मैत्रीण. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि मला हे दोन्ही लख्ख कळत होतं.

साहेबाला मुलांकडून खरं काढायची सवय असावी. त्यानं मला बोट केलं. "ए पोरी, इकडे ये. तू शेजारचीच ना? तो मोराचं चित्र असलेला टीव्ही कोणाचा आहे?" दारात कविता उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटल्याचा आनंद होता. तिला वाटलं मी आता सांगणार. मी तोंड उघडलंही. तेव्हा मायची बोटं माझ्या खांद्यात रुतली. ती काही बोलली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त बोटं. त्याचे वळ मला चार दिवस दिसत होते.

"मले नाही माहीत," मी म्हणाले.

साहेब आणखी काही विचारणार होता. पण मौसी हरिकाकाच्या पुढं आली. तिनं ताट खाली ठेवलं, डोक्यावरून ओढणी ओढली आणि म्हणाली, "हमारा है साहब. सब हमारा है." हरिकाकानं तिच्याकडे पाहिलं, मग मायकडे, मग आमच्या दारातून दिसणाऱ्या सुजीच्या पायांकडे. आणि त्या सरळ माणसानं, ज्याला साधा फ्यूज बसवता येत नव्हता, साहेबाला सांगितलं की मी मरम्मतीचं काम करतो, लोकांचं सामान दुरुस्त करून विकतो. परवानगी नाही, साहेब, चूक झाली. साहेबानं सगळं लिहून घेतलं, एकेका वस्तूसह, आणि खाली त्याची सही घेतली. मास्तर पुढच्या घराकडे निघाले. जाताना त्यांनी छताकडे पाहिलं की नाही, हे मी पाहिलं नाही.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाला वाट बघायला नको. आमचं नाव यादीत लागलं. सुजीला रक्त मिळत राहिलं. ती आज आहे, तिला दोन मुलं आहेत, आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. हरिकाकाची मुदत पुढं फक्त थोड्या थोड्या दिवसांची वाढू लागली. दर सोमवारी कचेरीत हजेरी लागली, सोमवारची हजेरी म्हणून कापडाचं दुकान सुटलं, आणि वर्ष फिरायच्या आत ते खोली सोडून गेले. कविताला भारताची नागरिक म्हणून कागद मिळाला तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. तिनंच मला फोन करून सांगितलं. हरिकाका तोवर राहिला नव्हता. कविता म्हणाली, कचेरीतल्या जुन्या फाइलीत पप्पा शेवटपर्यंत टीव्हीवालेच राहिले. ती हसून म्हणाली. मी विचारलं, रागावलीस का गं माझ्यावर? तर ती म्हणाली, "तू छोटी थी यार." मी फोन ठेवल्यावर बराच वेळ रडले. सुजी बाजूला बसून विचारत होती काय झालं, आणि तिला काय सांगणार? तू जिवंत आहेस याची मला लाज वाटते, असं कोणी बहिणीला म्हणतं का? लाज वाटत नाहीच. तेच तर माझं दुखणं आहे.

त्या दिवशी साहेब गेल्यावर गल्लीतले लोक एकेक करून गेले आणि आपापलं सामान घेऊन आले. कोणी मौसीशी बोललं नाही. मौसीनं प्रत्येक वस्तू ओढणीनं पुसून दिली म्हणे. आमचं तेवढं राहिलं, कारण माय आणि मी सुजीला घेऊन दवाखान्यात धावलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा सुजीजवळ बसले आणि माय मला म्हणाली, "चाल, पंखा घेऊन येऊ." तेवढ्या चार पावलांतही ती मनाशी काहीतरी जुळवत होती. मौसीच्या दाराशी आल्यावर तिनं पदर सारखा केला. तिच्या घरात शिरताना पदर सारखा करताना मी मायला आधी कधी पाहिलं नव्हतं.

दार उघडंच होतं. खोली पुन्हा रिकामी, एका कोपऱ्यात आमचा पंखा आणि मोराचा टीव्ही. हरिकाका घरात नव्हता. कविता दिसली नाही. मौसीनं आम्हाला पाहिलं आणि उभी राहिली. खाटेवरची चादर हातानं झटकून सरळ केली. "आइए, बैठिए," म्हणाली. माय बसली. मी तिच्या बाजूला. माय बोलायला लागली, "मोहिनी, काल..." पण मौसी आत निघून गेली होती.

आम्ही दोघी पंख्याकडे बघत बसलो. आत काडी ओढल्याचा आवाज आला, मग शेगडीचा. आणि मग पापडाचा वास आला. मी गर्रकन मागं वळून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. जीप नव्हती. दारात कोणीच नव्हतं. घरात आम्ही दोघीच होतो.

मौसी बाहेर आली. एका हातात पाण्याचा गिलास, एका हातात ताट. ताटातला पापड कालच्यासारखाच वाजत होता. तिनं ते मायच्या पुढं ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली, डोक्यावर ओढणी ओढून.

माय त्या ताटाकडे बघत राहिली. मग अगदी लहान आवाजात म्हणाली, "मोहिनी, मी आहो वं."

"हाँ, मालूम है," मौसी म्हणाली. "लीजिए."